मुठीच्या मापाचं मशीन

फावडं ऐरणीवरून उडालं आणि थेट घाईतात्याच्या पायाजवळ जाऊन पडलं. लालभडक तापलेलं फावडं. तात्यानं एकाच उडीत उंबरा ओलांडला.

"अरे, पाय तोडता का माझा?"

गावात त्याला सगळे घाईतात्याच म्हणायचे. जेवायला बसतानाही हा माणूस एक चप्पल पायात ठेवून बसतो, असं त्याची बायकोच सांगायची.

लोहार सांडशी तशीच हातात धरून बायकोवर ओरडला, "लक्ष कुठंय तुझं? घण कुठं पडतोय याची काही शुद्ध आहे का नाही?"

लोहारणीनं घण खाली टेकवला. घण बरोबर पडला होता. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती घण मारत होती. डोळे बांधले असते तरी तिचा घाव हुकला नसता. हलली होती ती सांडशी. ऐन वेळी लोहाराच्या मनगटाला कापरं भरलं, फावडं कडेला सरकलं आणि घाव कोपऱ्यावर बसला. पण या घराचा एक कायदा होता. सासऱ्यानं पहिल्याच दिवशी तिच्या हातात घण देताना तो सांगून टाकला होता. सांडशी धरणारा लोहार, घण मारणारा गडी. काम बिघडलं तर ते घणानं बिघडलं. गिऱ्हाइकासमोर सांडशीची चूक काढायची नाही. सासरा गेला, कायदा मागे राहिला. आणि खापर फोडायला तिचं डोकं घरात होतंच.

"वहिनी, झेपत नसेल तर तसं सांगा," तात्या दाराबाहेरूनच म्हणाला. "फाट्यावरचा वेल्डर मशीन लावतो, घर्रर्र करतो, आणि माणसाचा चहा पिऊन होईतो काम हातात देतो. इथं तुमचा भाता कधी पेटणार, घण कधी उठणार, आणि उठला तरी पडणार कुठं हे कुणी सांगावं?"

"जा मग फाट्यावर," लोहार म्हणाला.

"चाललोच. द्या माझं फावडं."

लोहारणीनं फावडं चिमट्यानं उचललं, पाण्याच्या टाकीत बुडवलं, निवल्यावर फडक्यानं पुसून तात्याच्या हातात दिलं. तात्या गेला. या महिन्यात असं गेलेलं हे काही पहिलं गिऱ्हाईक नव्हतं.

लोहार भात्याजवळ खाली बसला आणि उजवा हात त्यानं डाव्या काखेत दाबून धरला. आजकाल तो असाच बसायचा. गेल्या थंडीत हाताला कंप सुरू झाला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरनं तपासून सांगितलं होतं की हा कमी होईल किंवा वाढेल. एवढं कळायला डॉक्टर कशाला लागतो, असं लोहारणीच्या मनात आलं होतं. घरात त्या हाताबद्दल कुणी बोलत नव्हतं. चहाचा कप ती आता अर्धाच भरायची, आणि का भरते हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

एके काळी याच हाताच्या विळ्यांसाठी लांबलांबची माणसं दाराशी येऊन बसायची. ते आठवलं की तिच्या पोटात तुटायचं. आणि मग त्याच तोंडानं तो गिऱ्हाइकासमोर तिच्यावर ओरडला, की त्याच पोटात आग व्हायची. दोन्ही खरं होतं. ती दोन्ही घेऊन चूल पेटवायची.

दुसऱ्या दिवशी ती शेळ्यांना पाला आणायच्या निमित्तानं फाट्यावर गेली. वेल्डर फिरत्या चकतीच्या मशीननं एका गेटचे गज कापत होता. ती जरा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, एकदा हातात धरून बघू का?"

वेल्डर हसला, पण माणूस वाईट नव्हता. त्यानं मशीन बंद करून तिच्या हातात दिलं. भलं दांडगं धूड होतं ते. दोन्ही हातांनी धरलं तरी बोटं पुरी वळत नव्हती. त्यानं चालू करून दिलं, तसं ते तिच्या हातातून बाहेर पडायला बघू लागलं.

"हे तुमच्या कामाचं नाही," वेल्डर म्हणाला. "घरच्या घरी विळे, खुरपी, कुदळी करायच्या तर छोटं मिळतं, चार इंची चकतीचं. स्वस्तही पडतं. फक्त एक लक्षात ठेवा, मशीन मुठीत बसलं पाहिजे. जे मुठीत बसत नाही ते एक दिवस दगा देतं. लोक ताकद बघून घेतात आणि मग टाके घालून घेतात."

हे तिनं मनात पक्कं धरलं. घरी येऊन तिनं लोहारसाळेतल्या सगळ्या दांड्या, नळ्या, पाइप एकेक करून मुठीत धरून पाहिले. भात्याच्या नळीवर तिची मूठ बरोबर मिटली. अंगठा मधल्या बोटाला टेकला. तिनं हातभर सुतळी घेतली, नळीभोवती एक वेढा दिला आणि जिथं वेढा पुरा झाला तिथं गाठ मारली. हे झालं तिच्या मुठीचं माप. सुतळी तिनं कनवटीला लावली आणि मग नवऱ्यासमोर विषय काढला.

"मशीन?" लोहार म्हणाला. "लोहाराच्या घरात मशीन? मग ऐरण काय बसायला ठेवायची?"

"ऐरण राहील की जागेवर. धार लावायला, कापायला मशीन. जोडकाम आणि घडणं आपलं आपल्या भट्टीवर."

"आणि पैसे?"

"माझ्या दोन शेळ्या आहेत."

शेळ्या तिच्या माहेरच्या होत्या. त्यांच्यावर बोलायला त्याला जागा नव्हती. मग ती त्याला हवं ते बोलली, "मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही चला, तुम्ही पसंत करा." एवढ्यावर त्यानं टोपी शोधायला घेतली.

बाजारातलं दुकान हत्यारांनी छतापर्यंत भरलेलं होतं. दुकानदार गोल चेहऱ्याचा, बोलघेवडा. त्यानं लोहाराला खुर्ची दिली, लोहारणीला दिली नाही, आणि काउंटरवर एकापाठोपाठ एक डबे उघडले.

"हे बघा दादा. याची ताकद बघा. सगळे कारखानेवाले हेच नेतात. एकदा घेतलं की नातवापर्यंत बघायला नको."

लोहाराचे डोळे चमकले. ते काळंभोर, जाडजूड मशीन त्याला एकदम पटलं. "हां, याला म्हणायचं मशीन. वजन आहे याला."

लोहारीण पुढं झाली. कनवटीची सुतळी काढली आणि मशीनच्या अंगाभोवती गुंडाळली. गाठ आणि सुतळीचं टोक यांच्यामध्ये चांगली दोन बोटं अंतर राहिलं.

"हे नाही," ती म्हणाली.

दुकानदारानं डोळे वटारले. "ताई, हे काय करताय? मशीनला करदोडा घालताय का?"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं फिस्सकन हसली. लोहाराचा चेहरा पडला. "अगं, लोकं बघतात. ठेव ते आत."

"बघू द्या. शेळ्या माझ्या गेल्यात." हे ती हळूच म्हणाली, फक्त त्याला ऐकू जाईल असं. मग दुकानदाराला म्हणाली, "दुसरं दाखवा. बारीक अंगाचं."

एकेक मशीन आलं, एकेकाला सुतळीचा वेढा पडला. कुणाचं अंग जाड, कुणाचं पुढं बारीक आणि मागं फुगलेलं. एक अगदी स्वस्तातलं मुठीत बसलं, पण त्याचं चकतीवरचं झाकण पत्र्याचं आणि डुगडुगणारं होतं. बोटानं हलवलं तर हललं. तिनं ते बाजूला सारलं. शेवटी दोन उरली. दोन्हींना गाठ बरोबर बसली, दोन्हींचं झाकण घट्ट, वजनही बेताचं.

"आता या दोघांत फरक काय?" तिनं विचारलं.

दुकानदार एव्हाना कंटाळला होता, पण विकायचं होतंच. "याचं बटण पुढं सरकवलं की अडकून बसतं. मशीन चालू राहतं, बंद करेपर्यंत. आरामाचं काम. हे दुसरं थोडं महाग. याला खालून लांब पट्टी आहे. दाबून धराल तोवर चालणार. हात सुटला की बंद."

"पहिलंच द्या," लोहार म्हणाला. "स्वस्तही आहे आणि दाबत बसायची कटकट नाही."

लोहारणीनं पट्टीचं मशीन हातात घेतलं, पट्टी दाबली, सोडली. तिच्या डोळ्यांसमोर नवऱ्याचा हात आला. मशीन घरात येणार म्हणजे तो कधी ना कधी ते उचलणार. त्याशिवाय त्याला राहवणारच नाही. आणि उचलल्यावर मनगटाला कापरं भरलं, हात सुटला, आणि मशीन घर्रर्र करत चालूच राहिलं तर?

"हे पट्टीचं घेऊ," ती म्हणाली.

"का?" लोहारानं जोरात विचारलं. "जास्त पैसे कशाला घालायचे? कारण सांग ना."

सगळे तिच्याकडं बघत होते. दुकानदार, ती दोन गिऱ्हाइकं, नवरा. खरं कारण जिभेवर होतं. नवऱ्याचा उजवा हात मांडीखाली दाबलेला होता, तो तिला दिसत होता.

"माझा हात घामेजतो," ती म्हणाली. "सटकतो. भीती वाटते मला."

"बायकांचं असंच असतं," दुकानदार समजूतदारपणे म्हणाला. "मग हेच बरं."

लोहाराचा जीव भांड्यात पडला. त्यालाही कारण कळलं असणार. न कळायला तो खुळा नव्हता. पण बायकोनं आब राखला हे मनात ठेवण्याऐवजी तो दुकानदाराकडं बघून हसला आणि म्हणाला, "घ्या, हिचा हात सटकतो म्हणे. घण पण असाच सटकतो हिचा." सगळे हसले. तीही थोडी हसली. काय करणार?

दुकानदारानं घासायच्या जाड चकत्या वेगळ्या बांधल्या, कापायच्या पातळ वेगळ्या, आणि वरून एक प्लास्टिकचा चष्मा दिला. गॅरंटीचं कार्ड डब्यात टाकून म्हणाला, "आपोआप काही झालं तर बिनधास्त घेऊन या. बदलून देतो."

पहिले काही दिवस मशीननं तिला रडवलं. विळ्याला चकती जरा जास्त वेळ लागली की पातं निळं पडायचं, आणि निळं पडलेलं पातं म्हणजे धार मेली. पण आगीचे रंग तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. टेकवायचं, उचलायचं, पाण्यात बुडवायचं, परत टेकवायचं. हळूहळू हात बसला. पट्टी दाबली की मशीन बोलायचं, सोडली की गप्प व्हायचं. तिच्या सगळ्या आयुष्यात तिचं इतकं ऐकणारं दुसरं काही नव्हतं.

पिकं कापायला आली आणि गिऱ्हाईक परत वळलं. ऊन तापायला लागायच्या आत दाराशी विळ्यांचा ढीग पडायचा. चष्मा लावून, डोक्याला फडकं बांधून ती बसली की पोरंसोरं "पायलटीण, पायलटीण" करून ओरडायची. तिला त्याचा राग यायचा नाही. उलट बरं वाटायचं. ठिणग्यांचा झोत जमिनीवर पडायचा आणि तिला वाटायचं, हे मी करते आहे. कुणाच्या सांडशीवर घाव घालत नाही. हत्यार माझ्या हातात आहे आणि काम पण माझ्या हातात आहे. सुतळी तिनं भट्टीजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवली होती. कामाची नव्हती आता, पण टाकवत नव्हती.

लोहार दारात बसून हत्यारं घ्यायचा, द्यायचा आणि बोलायचं काम करायचा. "मशीन कुठून आणलं?" असं कुणी विचारलं की मान वर करून सांगायचा, "सगळं दुकान पालथं घातलं. एकेक हातात धरून पारखलं. जाडजूड बघून लोक फसतात. मशीन मुठीत बसलं पाहिजे." लोहारीण आतून ऐकायची. वेल्डरचे शब्द तिच्या तोंडून त्याच्या तोंडात गेले होते. असू दे, ती म्हणायची. विळे तर माझ्याच हाताखालून जातात.

हे असंच चाललं असतं. पण घाईतात्याला बोलल्याशिवाय करमत नाही ना!

तो आला तो घरची चारही खुरपी घेऊन. लोहाराला ओलांडून सरळ आत गेला आणि म्हणाला, "वहिनी, तुम्हीच घ्या. तुमच्या हातची धार महिनाभर हलत नाही." आणि जाताना लोहाराच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मजा आहे दादा तुमची. बसा आता आरामात. सांडशी विकून टाका मोडीत."

त्यानं ते गमतीत म्हटलं. खुरप्यांच्या नादात जे तोंडात आलं ते बोलला आणि गेला. लोहार त्या दिवशी जेवला नाही.

त्यानंतर एक दिवस लोहारीण कोळशाची गोणी आणायला गेली होती. परत येताना लांबूनच तिला मशीनचा आवाज आला. आधी वाटलं, भास झाला. मग पाय झपाझप पडायला लागले. आवाजात काहीतरी चुकत होतं. तिचं मशीन बोलायचं, थांबायचं, बोलायचं. हे थांबतच नव्हतं.

दारात चारपाच माणसं उभी होती, पुढं घाईतात्या. आत लोहार तात्याच्या फावड्याची झिजलेली कड कापत होता. चष्मा नाही, काही नाही. दोन्ही हातांनी मशीन धरलेलं, आणि हात थरथरत होते तरी मशीन चालू होतं. ती डोकं खाली करून बघते तर काय, पट्टी दाबून सुतळीनं करकचून बांधलेली. तिची सुतळी. खिळ्यावरची.

"अहो, सोडा ते!" ती ओरडली. "सुतळी सोडा आधी!"

"ओरडू नकोस," तो मान न वळवता म्हणाला. "सारखं बंद पडत होतं तुझं मशीन. आता बघ कसं चालतंय. लोहाराच्या हातात गेलं ना."

पातळ चकती फावड्याच्या चिरेत अडकली. त्याचं मनगट हललं, एवढंसंच हललं. मशीननं उसळी घेतली आणि त्याच्या हातातून निसटून खाली पडलं. पडूनही थांबलं नाही. चालू मशीन जमिनीवर गरागरा फिरायला लागलं. लोहार भिंतीला चिकटला. लोक बाहेर पळाले, तात्या सगळ्यांच्या पुढं. मशीन जाऊन ऐरणीच्या पायावर आदळलं, काडकन आवाज झाला आणि चकतीचे तुकडे उडाले. लोहारणीनं गोणी टाकली, भिंतीकडून धावली आणि बोर्डातली पिन उपटली.

मग एकदम सगळं शांत झालं. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती.

कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. चकतीचा एक तुकडा दाराच्या चौकटीत रुतून बसला होता, माणसाचं डोकं असतं त्या उंचीवर. मशीनचं तोंड फुटून आतले दाते बाहेर आले होते. लोहारीण खाली बसली. तिनं पट्टीवरची सुतळी सोडवली.

लोक हळूहळू दारात गोळा झाले. "काय झालं हो? कशानं झालं?" मागून आलेला एक जण विचारत होता.

लोहारानं हात काखेत घातला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि तिला क्षणभर वाटलं, हा माणूस आता खरं बोलेल. मरता मरता वाचलाय, आता तरी बोलेल.

"बायकी पसंती," लोहार म्हणाला. "दुसरं काय? दुकानदार चांगलं दणकट मशीन दाखवत होता. मी पण तेच म्हणत होतो. ही ऐकेल तर ना! हिचा हात सटकतो, हिला बारीक पाहिजे, हिला पट्टीचं पाहिजे. सुतळीनं मोजून घेतलं हिनं मशीन, सुतळीनं! विचारा हिला."

लोकांनी तिच्याकडं बघितलं. तिच्या हातात सुतळी होतीच.

"असं कुणी मशीन घेतं का वहिनी?" तात्या म्हणाला.

त्या दुकानात तिनं नवऱ्यासाठी जे खोटं सांगितलं होतं, ते त्यानं जपून ठेवलं होतं आणि वेळ आल्यावर तिच्याच गळ्यात बांधलं. तिला रडू आलं नाही. रडू यायला मन जरा मऊ असावं लागतं. तिनं मशीनचे तुकडे वेचले आणि डब्यात भरले.

सकाळी ती एकटीच बाजाराला गेली. दुकानदारानं तिला लगेच ओळखलं. "या करदोडेवाल्या ताई! काय झालं?"

तिनं डबा पुढं केला. दुकानदारानं मशीन उलटंपालटं करून पाहिलं. फुटलेलं तोंड पाहिलं, पट्टी पाहिली. पट्टीच्या कडेला सुतळीनं करकोचा पडला होता, पण तो इतका बारीक की बघितलं तर दिसेल, नाही तर नाही.

"नवंच आहे," तो म्हणाला. "चालता चालता आपोआप फुटलं का? तसं असेल तर बदलून देतो. कंपनी माझ्याशी बघून घेईल." आणि तिच्याकडं बघून थांबला. त्याला फक्त एक 'हो' हवं होतं.

आजवर तिनं किती वेळा 'हो' म्हटलं होतं! माझा घाव चुकला, हो. माझा हात सटकतो, हो. अजून एक म्हटलं असतं तर नवं मशीन घेऊन घरी गेली असती. पण तिनं पट्टीवरच्या त्या करकोच्यावर बोट ठेवलं.

"आपोआप नाही फुटलं," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं पट्टी बांधून ठेवली होती. त्याचा हात कापतो. त्याच्याच्यानं दाबून धरवत नाही. सांडशीसुद्धा धरवत नाही."

पहिल्यांदा तिनं ते मोठ्यानं म्हटलं होतं. म्हणून झाल्यावर तिला वाटलं, आता काहीतरी होईल, आभाळ तरी कोसळेल. दुकानदारानं फक्त डब्याचं झाकण लावलं.

"मग गॅरंटी बसत नाही ताई," तो म्हणाला. "बांधल्याचं तुम्हीच सांगताय. आता मी काय करू?" त्याला खरंच वाईट वाटलं असावं, कारण त्यानं तिला आज खुर्ची दिली. ती बसली नाही.

घरी आली तेव्हा लोहारानं भट्टी पेटवून ठेवली होती. घाईतात्याचं अर्धवट कापलेलं फावडं निखाऱ्यात होतं, आणि तात्या दारात तिष्ठत उभा होता. फाट्यावरचा वेल्डर गावाला गेला होता, नाही तर तात्या इथं आला नसता.

"काय म्हणाला?" लोहारानं विचारलं.

"गॅरंटी बसत नाही म्हणाला."

"मी सांगतच होतो, मोठं घ्यायला पाहिजे होतं." त्यानं फावडं सांडशीत धरून ऐरणीवर ठेवलं. "चल, घण घे. दिवस कलायच्या आत तात्याला मोकळं करू."

तिनं फुटक्या मशीनचा डबा कोपऱ्यात ठेवला. घण उचलला. खांद्यावरून वर नेला. खाली लाल लोखंड होतं, आणि सांडशीच्या तोंडात ते टकटक टकटक ऐरणीवर वाजत होतं. गेल्या थंडीपासून ती हा आवाज ऐकून न ऐकल्यासारखं करत आली होती. मधल्या थांबलेल्या क्षणावर नेम धरून घाव घालत आली होती. जमलं तर त्याचं, हुकलं तर तिचं.

"मार," लोहार म्हणाला.

घण वरच राहिला.

"मार की! निवतंय लोखंड!"

"सांडशी हलतेय," लोहारीण म्हणाली.

ती ओरडली नाही, पण दारात उभ्या असलेल्या माणसाला स्वच्छ ऐकू जाईल असं म्हणाली. लोहारानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. मग तात्याकडं. मग परत तिच्याकडं. त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलं. टकटक थोडी कमी झाली आणि पुन्हा सुरू झाली. तात्यानं तोंड उघडलं, आणि जन्मात पहिल्यांदा काही न बोलता मिटलं.

लोखंड लालाचं तांबूस झालं, तांबसाचं काळं. तिचे खांदे भरून आले होते. नवऱ्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि त्या हाताची तिला इतकी दया आली की घण टाकून तो हात धरावासा वाटला. तिनं धरला नाही.

"निवलं," ती म्हणाली आणि घण खाली टेकवला. "परत तापवा. आणि या वेळी सांडशी माझ्याकडं द्या."

लोहारानं काळं पडलेलं फावडं निखाऱ्यात सरकवलं. सांडशी त्यानं दिली नाही, पण हातातही ठेवली नाही. ऐरणीवर आडवी ठेवली आणि भाता ओढायला बसला.